घराचे कुलमुखत्यारपत्र



घरात शिरून घराच्या वतीने बाहेरच्या जगात कामे करू लागलेली कृत्रिम बुद्धिमत्ता हा आजचा विषय आहे. बोलल्यावर दिवा लावणारी यंत्रे आता नवी राहिलेली नाहीत. ॲमेझॉनने इको हा बोलका स्पीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत आणला आणि तीन वर्षांनी तो भारतात आला. त्या यंत्राचे काम सरळ होते. पंखा बंद कर म्हटले की पंखा बंद. एक हुकूम, एक कृती, आणि चूक झालीच तर ती लगेच दिसणारी. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने अलेक्सा प्लस जाहीर केली, तेव्हा दिलेले एक उदाहरण मात्र निराळ्या जातीचे होते. ओव्हन बिघडला आहे, एवढेच सांगायचे. मग तो सहायक स्वतः इंटरनेटवर जाईल, दुरुस्ती करणारे शोधेल, तुमच्या वतीने ओळख पटवेल, दुरुस्तीची वेळ ठरवेल आणि काम झाले म्हणून येऊन सांगेल. मध्ये कुठेही माणसाने देखरेख करण्याची गरज नाही, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगण्यात आले. पूर्वी आपण यंत्राला कृती सांगत होतो, आता हेतू सांगतो. त्या हेतूपर्यंत कोणत्या वाटेने जायचे, कोणाला बोलवायचे, किती पैसे मोजायचे, हे यंत्र ठरवते.

या बदलाकडे आपण सोयीची पुढची पायरी म्हणून पाहतो आहोत. माझ्या मते हा अधिकार देण्याचा व्यवहार आहे आणि त्याला त्याच गांभीर्याने सामोरे जायला हवे. महाराष्ट्रात ज्यांनी जमिनीचे व्यवहार जवळून पाहिले आहेत, त्यांना कुलमुखत्यारपत्राची ताकद सांगावी लागत नाही. एका सहीवर दुसरा माणूस तुमच्या नावाने विकू शकतो, घेऊ शकतो, कचेरीत उभा राहू शकतो. म्हणून जाणती माणसे शक्यतो एका कामापुरते मुखत्यारपत्र देतात. त्यात गट नंबर लिहितात, मुदत लिहितात, रकमेची मर्यादा घालतात. घर अशा सहायकाला, म्हणजे एआय एजंटला, जोडताना आपण सर्रास कुलमुखत्यारपत्र देत आहोत, आणि तेही दुसऱ्याच्या चाकरीत असलेल्या मुखत्याराला. त्याने जे केले ते कायद्याच्या नजरेत आपण केलेले ठरते. त्याची बांधिलकी मात्र त्याला चालवणाऱ्या कंपनीशी असते. जबाबदारी एकीकडे आणि निष्ठा दुसरीकडे, ही विसंगती दुरुस्त झाली पाहिजे. ती करायला लागणारे बरेचसे साहित्य आपल्याच जुन्या कायद्यात आणि आपल्याच पैशांच्या व्यवस्थेत तयार आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

हा एजंट आतून कसा चालतो, ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. समजा घरातल्या कोणी सांगितले, 'सात वाजता पाहुणे येणार आहेत, तयारी ठेव.' हे वाक्य भाषेच्या मॉडेलकडे जाते. मॉडेलला हातपाय नसतात. त्याच्यापुढे साधनांची यादी ठेवलेली असते: कॅलेंडर वाच, खोलीचे तापमान बदल, दाराचे लॉक उघड, किराणा मागव, संदेश पाठव. पुढची पायरी कोणती, हे मॉडेल मजकुरातून सांगते. दुसरा प्रोग्राम ती पायरी प्रत्यक्ष करतो. काय घडले ते पुन्हा मजकुराच्या रूपाने मॉडेलकडे येते. मग ते पुढची पायरी सांगते. साध्या कामातही अशा दहा-वीस फेऱ्या होतात. यातले गणित कठोर आहे. प्रत्येक पायरी शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर पडली, तरी वीस पायऱ्यांचे काम शंभरात सुमारे ८२ वेळाच शेवटपर्यंत बिनचूक होते. पायरीची अचूकता ९५ टक्क्यांवर आली, तर वीस पायऱ्यांचे काम शंभरात जेमतेम ३६ वेळा नीट पार पडते. २०२४ मध्ये टाऊ-बेंच नावाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत एजंटांना दुकान आणि विमान कंपनी यांच्या ग्राहकसेवेतली नेहमीची कामे दिली होती. त्या वेळच्या उत्तम मॉडेलांनाही निम्म्याहून कमी कामे जमली, आणि दुकानातले तेच काम ओळीने आठ वेळा बरोबर करण्याचे प्रमाण तर एक चतुर्थांशापेक्षाही खाली होते. त्यानंतर मॉडेले बरीच सुधारली आहेत, हे मी मान्य करतो. पण घरासाठी खरी कसोटी त्या दुसऱ्या आकड्याची आहे. दाराचे लॉक एकदा बरोबर लागून भागत नाही, ते रोज रात्री लागावे लागते.

चुकीपेक्षा मोठा धोका दुसरा आहे. मॉडेलसमोर जे काही येते ते सारे मजकूर म्हणूनच येते. घरमालकाचा हुकूम हा मजकूर, आलेला ईमेल हाही मजकूर, कोणा अनोळखी माणसाने पाठवलेले बैठकीचे आमंत्रण हाही मजकूर. यातला हुकूम कोणता आणि नुसती माहिती कोणती, हे मॉडेल अंदाजाने ठरवते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेल अवीव विद्यापीठ, टेक्निऑन आणि सेफब्रीच या संस्थांमधल्या संशोधकांनी तेल अवीवमधल्या एका घरात केलेला प्रयोग जगापुढे ठेवला. त्यांनी गूगल कॅलेंडरचे एक आमंत्रण पाठवले आणि त्याच्या मजकुरातच एजंटसाठी सूचना पेरल्या. घरातल्या माणसाने गूगलच्या जेमिनी या एआय सहायकाला विचारले, या आठवड्यात माझी कोणकोणती कामे आहेत? जेमिनीने कॅलेंडर वाचले आणि पेरलेली सूचनाही वाचली. ती सूचना लगेच अमलात आली नाही. ठरावीक शब्द येईपर्यंत थांब, असे तिच्यातच सांगितले होते. माणसाने 'थँक्स' म्हटले, आणि दिवे गेले, खिडक्यांची शटर उघडली, पाणी तापवण्याचा बॉयलर चालू झाला. कुलूप फोडले नाही, पासवर्ड चोरला नाही. घरच्या माणसाच्या विनम्र शब्दावर परक्याचा हुकूम पाळला गेला. संशोधकांनी हा दोष त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलला कळवला होता आणि गूगलने बचावाचे उपाय वाढवले. पण ही खोट एका कंपनीपुरती नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये असे बजावले की हा प्रकार कदाचित कधीच पूर्णपणे बंद करता येणार नाही, आणि म्हणून अशा यंत्रणा फसल्या तरी नुकसान मर्यादित राहील अशीच त्यांची रचना करावी. मला हा सल्ला फार मोलाचा वाटतो. मुखत्यार फसवला जाऊ शकतो हे गृहीत धरूनच त्याला अधिकार द्यायचे असतात.

आता कायदा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे दहावे प्रकरण दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसाविषयी आहे. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही कलमे आज वाचली तर थक्क व्हायला होते. नेमून दिलेल्या सूचनांप्रमाणेच त्याने काम केले पाहिजे, असे २११ वे कलम सांगते. मागितला की त्याने चोख हिशेब दिला पाहिजे, हे २१३ वे. अडचण आली तर धन्याशी संपर्क साधण्याची आणि त्याच्या सूचना मिळवण्याची सर्व वाजवी खटपट त्याने केली पाहिजे, हे २१४ वे. आणि धन्याला न कळवता त्याने त्या कामात स्वतःचा व्यवहार साधला, तर त्यातला लाभ धन्याला मागता येतो, हे २१६ वे. निष्ठा, मर्यादा, हिशेब, विचारणा: एआय एजंटकडून जे हवे ते सगळे इथे आहे. फक्त ही कर्तव्ये माणसावर आहेत, आणि प्रोग्राम माणूस नाही. जबाबदारीच्या बाजूला मात्र कायदा यंत्रापर्यंत पोहोचलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ११ व्या कलमानुसार, तुम्ही किंवा तुमच्या वतीने आपोआप चालावी म्हणून रचलेल्या यंत्रणेने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक संदेश तुमचाच मानला जातो. म्हणजे एजंटने मागवलेला माल तुम्ही मागवला. पण त्याने तोच माल का निवडला याचा हिशेब मागायला तुमच्यापुढे कोणी उभा नाही.

एक निकाल या संदर्भात वारंवार सांगितला जातो. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या भाडेसवलतीविषयी चुकीची माहिती दिली. चॅटबॉट हा स्वतंत्र घटक आहे आणि आपल्या बोलण्याला तोच जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला ६५० डॉलर ८८ सेंट भरपाई देवविली. ग्राहकाचा विजय म्हणून या निकालाचे कौतुक झाले आणि ते रास्त आहे. पण त्यामागचे तत्त्व घरात आणून पाहा. तिथे चॅटबॉट कंपनीच्या वतीने बोलत होता, म्हणून कंपनी बांधली गेली. घरातला एजंट तुमच्या वतीने बोलतो. त्याने गवंड्याला, दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला चुकीचा शब्द दिला, तर याच तत्त्वाने बांधले जाल ते तुम्ही. ज्या निकालाने प्रवाशाला वाचवले, तोच घरमालकाला अडचणीत आणू शकतो. म्हणून निष्ठेचा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

निष्ठा कोणाशी आहे, याची चिन्हे आताच दिसू लागली आहेत. पडद्यावर खरेदी करताना आपल्याला निदान वीस पर्याय दिसतात. आवाजावर चालणारा सहायक एकच सुचवतो. तो एक कसा निवडला गेला, त्यात कोणाचे कमिशन आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ग्राहकाला भुलवणाऱ्या १३ प्रकारच्या रचनांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली: टोपलीत परस्पर वस्तू टाकणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, खोटी घाई लावणे इत्यादी. या सगळ्या नियमांनी असे धरले आहे की पडद्याकडे माणसाचा डोळा आहे. डोळाच नसेल तर भुलवणूक एजंटच्या पोटात होईल आणि तिची तक्रार करायला साक्षीदार उरणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने पर्प्लेक्सिटी या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. पर्प्लेक्सिटीचा ब्राउझर ग्राहकाच्या खात्यातून ॲमेझॉनवर खरेदी करतो, पण आपण एजंट आहोत हे सांगत नाही, ही ॲमेझॉनची तक्रार. ग्राहकाने नेमलेल्या एजंटला ग्राहकाचेच अधिकार आहेत, हे पर्प्लेक्सिटीचे उत्तर. दोन्ही बाजूंना आपापला धंदा आहे. तरी पर्प्लेक्सिटीने मांडलेला प्रश्न बिनतोड आहे: माझ्या वतीने दुकानात जाणारा दुकानाने मान्य केलेलाच असला पाहिजे का? माझे उत्तर नाही असे आहे. त्याने आपली ओळख जरूर द्यावी, पण तो माझाच असला पाहिजे.

विजेच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तिथे कंपनीबरोबर सार्वजनिक हितही उभे असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एक्सेल एनर्जीने ग्राहकांना थोडी रक्कम देऊन त्यांचे स्मार्ट थर्मोस्टॅट एका योजनेत घेतले होते. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस, भर उन्हाळ्यात सुमारे २२ हजार घरांतल्या लोकांना आपल्याच घराचे तापमान बदलता येईना. ऊर्जा आणीबाणी, असे कारण कंपनीने दिले. लोकांनी योजनेला संमती दिली होती, हे खरे. एरवी त्यांना कंपनीचा हुकूम मोडता येत असे, या वेळी येत नव्हता. योजना मुळात वाईट नव्हती. विजेची मागणी दिवसा उन्हाच्या वेळेकडे वळवणे आपल्यालाही गरजेचे आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांत स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग दर ठेवायला सांगितले आहे, आणि महाराष्ट्रातही घरगुती मीटरपर्यंत हा विचार आला आहे. गीझर आणि कपडे धुण्याचे यंत्र दुपारी चालवणारा एजंट घराचे पैसे वाचवील आणि वीजजाळ्यावरचा ताण कमी करील. मला तो हवा आहे. पण आजारी माणूस असलेल्या घरात एसी बंद ठेवण्याचा हुकूम कोणाचा आणि तो मोडण्याचा हक्क कोणाला, हे आधी लेखी ठरले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की माणसेही चुकतात. वॉचमन डुलकी घेतो, दुरुस्तीवाला जास्त पैसे लावतो, शेजारी गुपित फोडतो. मग यंत्राकडूनच निर्दोषपणाची अपेक्षा का? या आक्षेपाचा उरलेला भाग जास्त वजनदार आहे: ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, ज्याला दिसत नाही, ज्याचे हात थरथरतात, त्याच्यासाठी हा एजंट स्वातंत्र्य आहे. मी हे मनापासून मान्य करतो. दार कोणी वाजवले हे स्वतः विचारता येणे, औषध संपण्याआधी मागवता येणे, दर वेळी कोणाची तरी वाट न पाहणे, याचे मोल धडधाकट माणसाने ठरवू नये. पण जो सर्वात जास्त विसंबतो, त्याचेच एजंट बिघडल्यावर सर्वात जास्त हाल होतात. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधील सर्व्हर-केंद्रात बिघाड झाला आणि एट स्लीप या कंपनीचे महागडे स्मार्ट पलंग ठिकठिकाणी अडकून पडले. कोणाचा पलंग वर उचललेल्या अवस्थेत राहिला, कोणाचा तापत गेला. इंटरनेट नसतानाही पलंग चालावा अशी सोय कंपनीने नंतर दिली. ती पहिल्या दिवसापासून का नव्हती, हा प्रश्न उरतोच. २०१६ मध्ये अल्फाबेटच्या नेस्टने रिव्हॉल्व्ह नावाचे, तीनशे डॉलरना विकलेले घरकेंद्र सर्व्हर बंद करून निकामी केले. २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट-घर कंपनीचे सर्व्हर एकाएकी बंद पडले. वॉचमनची चूक एका इमारतीला भोवते. इथे एक चूक किंवा एक व्यापारी निर्णय एकाच क्षणी हजारो घरांना भोवतो. शिवाय वॉचमनला बोलावून विचारता येते.

दुसरा आक्षेप कामाच्या पद्धतीबद्दल आहे, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. प्रत्येक पायरीला परवानगी मागितली तर एजंट ठेवण्यात अर्थ काय? आणि माणूस दहाव्यांदा 'होय' दाबतो तेव्हा वाचत नाही. लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये 'ऑटोमॅटिका' या नियतकालिकात स्वयंचलनातल्या विसंगतींवर लिहिलेला निबंध कारखाने आणि विमाने यांच्या संदर्भातला आहे, पण तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. सोपा भाग यंत्राकडे गेला की माणसाकडे नुसते पाहत राहणे उरते. पाहत राहण्याने कौशल्य आणि लक्ष दोन्ही झिजतात. आणि अडचण आली की याच झिजलेल्या माणसाने सगळे सावरावे अशी अपेक्षा असते. तेव्हा 'माणूस शेवटी आहेच ना' या वाक्याने सुरक्षितता येत नाही. परवानगी किती वेळा मागितली यापेक्षा ती नेमकी कुठे मागितली, हे महत्त्वाचे. दिवा, पंखा, गाणे यांबाबत एजंटने काहीही विचारू नये. चुकला तर बटण दाबून दुरुस्त होते. जे परत फिरवता येत नाही तिथे थांबावे: पैसे गेले, दार उघडले, गॅस चालू झाला, घरचे बोलणे किंवा चित्र बाहेर गेले, कोणाला शब्द दिला गेला. आणि ज्या कामात एजंटने बाहेरून आलेला मजकूर वाचला आहे, त्या कामात तर अशी कृती घरच्या माणसाच्या ताज्या संमतीशिवाय होताच कामा नये. तेल अवीवच्या प्रयोगाचा मला दिसणारा धडा हा आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे, कारण पैशांच्या बाबतीत भारताने नेमके हेच करून दाखवले आहे. कार्डाचा ऑनलाइन व्यवहार ओटीपीसारख्या जादा पडताळणीशिवाय होऊ नये, ही रिझर्व्ह बँकेची अट अनेक परदेशी कंपन्यांना जाचक वाटली. पुढे दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचा प्रश्न आला, तेव्हा बँकेने सरसकट बंदी घातली नाही आणि मोकळीकही दिली नाही. पहिली नोंदणी पूर्ण पडताळणीने करायची. बहुतेक व्यवहारांसाठी मर्यादा १५ हजार रुपये. प्रत्येक कपातीच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचे. त्या वेळी त्याला नकार देता आला पाहिजे. एका कामापुरत्या मुखत्यारपत्राचा हा उत्तम नमुना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतल्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआयने किराणा मागवण्याची चाचणी जाहीर केली. तीतही ठरावीक व्यापाऱ्यासाठी ठरावीक रक्कम आधी राखून ठेवायची आणि ती परवानगी मागे घेता येईल, अशीच कल्पना आहे. जी शिस्त पैशाला लागू होते, ती दाराच्या लॉकला, कॅमेऱ्याला आणि माझ्या नावाने पाठवलेल्या संदेशाला का लागू होऊ नये? नियमांनी नवनिर्मिती मरते, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे की यूपीआय पिनच्या अटीसह घराघरांत पोहोचले.

आतापर्यंत मी 'घरमालक' हा शब्द एकाच माणसासाठी वापरला. प्रत्यक्षात घरात एकच माणूस राहत नाही, आणि माझी खरी काळजी इथे आहे. या यंत्रणांमध्ये मुख्य खाते बहुधा एकाच्या नावावर असते, आणि आपल्याकडे तो बहुधा घरातला पुरुष असतो. घर चालवणारी व्यक्ती बहुधा निराळी असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे विनामोबदला घरकामाला देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की अमेरिकेत घरोघर यंत्रे आली तरी गृहिणीचे काम हलके झाले नाही. अपेक्षा वाढल्या आणि इतरांच्या वाट्याची कामेही तिच्याकडे आली. एजंटबाबत हेच घडायचे नसेल, तर जी काम करते तिच्या हाती अधिकार हवा. उलटे झाले तर काय होते, याची वर्णने २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापली: घरापासून दूर असलेला पुरुष ॲपवरून तापमान, दिवे, कुलपे बदलत बायकोला छळतो, आणि घरात असलेल्या बाईला ती यंत्रणा कशी बंद करायची हेही ठाऊक नसते. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. मुलगा न्यूजर्सीत, आईवडील कोथरूडला. काळजीपोटी तो कॅमेरे बसवतो, लॉक बसवतो, खाते स्वतःच्या नावावर ठेवतो. हेतू निर्मळ असतो. तरीही आपल्याच घरात कोण आले, दार किती वाजता उघडले, हे आईने मुलापासून खासगी ठेवायचे म्हटले तर तिला तो हक्क उरतो का? जो घरात राहतो त्याचा शब्द अखेरचा, हा नियम मला निर्विवाद वाटतो.

आणि ज्यांचे खाते नाही व घरही नाही, त्या घरकामगार स्त्रियांचे काय? मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर त्यांची ये-जा आधीच ॲपवर नोंदली जाते. उद्या तीच नोंद वाचून एजंट उशिराचे पैसे कापू लागला, तर त्या बाईने वाद कोणाशी घालायचा? पाऊस होता, लोकल उशिरा आली, हे ऐकून घेणारा समोर माणूस असतो तोवर वाद तरी घालता येतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणजे घरमालकाच्या कॅमेऱ्याविरुद्ध तिला त्या कायद्याचा आधार नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा करून या कामाला काम म्हणून ओळख दिली. त्याच राज्याने पुढे जाऊन, मजुरी कापण्याचा किंवा कामावरून काढण्याचा निर्णय यंत्राने परस्पर घेऊ नये, एवढे तरी सांगावे. नको असेल त्याने एजंट घेऊ नये, हा युक्तिवाद या बाईपुढे टिकत नाही, कारण निवड तिची नव्हतीच. भाडेकरूचीही नसते.

शेवटी, काय करता येईल ते सांगतो. केंद्र सरकारने करार कायद्यातली ही जुनी कर्तव्ये एजंट चालवणाऱ्या कंपनीवर स्पष्ट शब्दांत घालावीत: सूचनांची मर्यादा, मागताच हिशेब, गुप्त कमिशनवर ग्राहकाचा हक्क. हिशेब घरातल्यांना वाचता येईल अशा भाषेत, आपल्याकडे मराठीत, मिळावा: आज कोणते दार उघडले, कोणाच्या सांगण्यावरून, किती पैसे गेले, कोणते पर्याय सोडले. इंटरनेट गेले किंवा कंपनी बुडाली तरी दार, दिवा आणि पाणी हाताने चालले पाहिजे, ही विक्रीचीच अट असावी. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, पन्नास वर्षे या कामात असलेल्या संस्थांनी हा विषय आत्ताच हाती घ्यावा, कारण मुंबई-पुण्याच्या नव्या इमारती स्मार्ट लॉक बसवूनच विकल्या जाऊ लागल्या आहेत. रेरा कायद्याच्या १४ व्या कलमात बांधकामाबरोबर सेवांमधल्या दोषांचीही पाच वर्षांची जबाबदारी विकासकावर आहे. सर्व्हर बंद पडल्याने न उघडणारे कुलूप त्यात येते की नाही, हे ग्राहकांनी महारेराकडे जाऊन ठरवून घ्यावे. आणि तुमच्यापैकी जे नव्या घराचा ताबा घेणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे: किल्ल्या घेतानाच मुख्य खाते विकासकाच्या नावावरून आपल्या नावावर, आणि घरातल्या दुसऱ्या एका प्रौढ व्यक्तीच्याही नावावर, लेखी करून घ्या. ते होईपर्यंत ताबापावतीवर सही करू नका.